गुन्हा दाखल आहे, मग नोकरी द्यायची की नाही?

नोकरीच्या अर्जात एक रकाना असतो: ‘आपल्यावर कोणताही फौजदारी गुन्हा दाखल आहे काय? होय / नाही.’ जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात तो असतो, दीपनगरच्या वीज केंद्रातल्या ठेकेदाराकडे असतो, पोलीस भरतीत तर असतोच. ‘होय’ लिहिलं की अर्ज बाजूला पडतो आणि ‘नाही’ लिहून नंतर उघड झालं की नोकरी जाते, असं गावोगावची पोरं एकमेकांना सांगतात. यातलं दुसरं बरंचसं खरं आहे. पहिलं तसं असायला नको, आणि ते का असायला नको हेच मला इथे मांडायचं आहे.

आधी आपल्याकडे केस होते कशी ते पाहू. बांधावरून दोन भावकींत भांडण होतं. एकाचं डोकं फुटतं. फिर्याद देताना समोरच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं घातली जातात, आणि त्यात पुण्यात शिकणारा, त्या दिवशी गावात नसलेला मुलगाही येतो. विसर्जन मिरवणुकीत डीजेवरून वाद होतो. कापसाच्या भावासाठी किंवा केळीच्या पीकविम्यासाठी रास्ता रोको होतो आणि जमाव जमवल्याची कलमं लागतात. मारहाण, शिवीगाळ, धमकी, बेकायदा जमाव यांची जुन्या दंडसंहितेतली ३२३, ३२४, ५०४, ५०६, १४३, १४७ ही कलमं खेड्यात शाळा न शिकलेल्या माणसालाही पाठ असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलले, भांडणं तीच राहिली.

मग गावात आणि बाहेर एकच वाक्य फिरतं: ‘त्यानावर केस शे’, म्हणजे त्याच्यावर केस आहे. या एका वाक्यात किती वेगवेगळ्या गोष्टी गोळा होतात हे नोकरी देणाऱ्याने समजून घेतलं पाहिजे.

शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशी तक्रार असेल तर पोलीस अदखलपात्र नोंद करतात. लोक तिला एनसी म्हणतात. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपाससुद्धा करू शकत नाहीत. प्रकार गंभीर असेल तर एफआयआर होतो. एफआयआर म्हणजे पोलिसांना मिळालेली खबर. ती खरी की खोटी हे त्या टप्प्यावर कोणीच ठरवलेलं नसतं. त्यानंतर तपास होतो आणि पुरावा मिळाला तर चार्जशीट जाते, नाही तर प्रकरण बंद करण्याचा अहवाल जातो. चार्जशीटनंतर खटला चालतो, आणि तो चालता चालता मुलगा अठराचा अठ्ठावीसचा होतो. शेवटी निर्दोष मुक्तता किंवा शिक्षा. याशिवाय ‘चॅप्टर केस’ म्हणून एक प्रकार आहे. निवडणूक किंवा सण आला की शांतता राखण्याचं हमीपत्र घेतात, ती कारवाई. ती प्रतिबंधात्मक असते आणि तिच्यात कोणी दोषी ठरत नाही. पण चौकशीत ‘पोलीस रेकॉर्ड आहे’ एवढंच कळतं आणि या सगळ्या वेगळ्या अवस्था एका शब्दात बुडून जातात.

तुरुंगात जाऊन आला म्हणजे गुन्हेगारच, हेही असंच. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यातली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता. जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा कारागृहातून दोन महिन्यांनी जामिनावर सुटलेला तरुण ‘आत जाऊन आलेला’ ठरतो, पण कायद्याच्या लेखी तो अजून निर्दोषच असतो.

आता एक सापळा, ज्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. सट्टा-जुगाराचं कलम बारा अ, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वागण्याचं पोलीस कायद्याचं ११०-११७, अशा किरकोळ प्रकरणांत तारखांना कंटाळून लोक गुन्हा कबूल करतात आणि दंड भरतात. ‘दोन-पाचशे भर आणि मोकळा हो’ हा सल्ला कोर्टाच्या आवारात सहज मिळतो. पण कबुली देऊन भरलेला दंड ही शिक्षाच असते. निर्दोष सुटणं वेगळं, आणि हे वेगळं. हरियाणा सरकारच्या एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने अश्लील वर्तनाच्या जुन्या कलम २९४ खाली असाच २० रुपयांचा दंड भरला होता, आणि त्यावरून त्याची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि संसदेला सुचवलं की झटपट चालणाऱ्या खटल्यांत, समजा २,००० रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा झाली, तर ती सरकारी नोकरीसाठी शिक्षा धरूच नये. ती सूचना आजही सूचनाच आहे. म्हणून ज्याला नोकरी करायची आहे त्याने दंड भरण्याआधी वकिलाला एक प्रश्न जरूर विचारावा: १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्याची विनंती करता येईल का? त्या कायद्याचं कलम १२ म्हणतं की असं सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. आधीच नोकरीत असलेल्यावर खातं वर्तणुकीबद्दल कारवाई करू शकतं, एवढी त्याला मर्यादा आहे. नोकरी शोधणाऱ्यासाठी मात्र हे कलम फार मोलाचं आहे.

सरकारी नोकरीचं म्हणाल तर सगळ्यात महत्त्वाचा निकाल २०१६ चा आहे, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल दोन दिशांना जात होते. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की तरुण वयात चुका होतात, किरकोळ मारामारी लपवली म्हणून आयुष्यभराचा शिक्का मारू नका. २०१३ मध्ये त्याच दिल्ली पोलिसांबद्दल म्हटलं की आरोपी तडजोडीने सुटला असेल तरी पोलीस दलात घ्यायचा की नाही हे निवड समिती ठरवू शकते. तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१६ मध्ये याचा मेळ घातला.

त्या निकालाचं सार सोप्या शब्दांत असं. जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्या. खोटं बोलणं हा स्वतंत्र दोष आहे, आणि मूळ प्रकरण फुसकं असलं तरी तो अंगाशी येऊ शकतो. मात्र उमेदवाराने लपवलं म्हणून सरकारनेही डोळे मिटून नोकरी काढू नये. प्रकरण काय होतं, वय काय होतं, पद कोणतं आहे, हे पाहावं. तरुणपणी घोषणा दिल्या, किरकोळ काही घडलं, आणि ते लिहायचं राहिलं, तर अधिकारी ते माफ करू शकतात. फॉर्ममधला प्रश्न मोघम असेल तर उत्तर अपुरं आहे म्हणून शिक्षा करता येत नाही. जे नेमकं विचारलं, तेवढंच सांगण्याची जबाबदारी उमेदवारावर असते. आपल्यावर केस आहे हेच माहीत नसेल तर त्याने लपवलं असं म्हणता येत नाही. नोकरीत कायम झालेल्याला चौकशीशिवाय काढता येत नाही.

दुसरी बाजूही त्याच निकालात आहे आणि ती पोरांना नीट सांगायला हवी. सगळं खरं लिहिलं म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे असं नाही. गंभीर गुन्ह्यातून केवळ तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल, साक्षीदार फिरले म्हणून सुटका झाली असेल, तर सरकार चारित्र्याचा विचार करू शकतं. पोलीस दलासारख्या ठिकाणी हा हात अधिक कडक असतो. तरीही २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका शिपाई पदाच्या उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. तो निर्दोष सुटला होता, केसचा उल्लेख फॉर्ममध्ये नव्हता, आणि गावातली त्याची वागणूक चांगली असल्याचा अहवाल पोलिसांनीच दिला होता. एवढं समोर असताना सरसकट नियम लावून नेमणूक रद्द करणं न्यायालयाने चूक ठरवलं. धुळ्याच्या राज्य राखीव दलाच्या मैदानावर किंवा जिल्हा पोलीस भरतीत पहाटे धावणाऱ्या मुलामुलींना शारीरिक चाचणीचे गुण तोंडपाठ असतात, साक्षांकन नमुन्यातला (निवडीनंतर स्वतःची माहिती लिहून द्यायच्या फॉर्ममधला) हा रकाना मात्र ते घाईत भरतात. भरती अकादम्यांनी निदान एक तास यासाठी ठेवावा.

अल्पवयात घडलेल्या गोष्टींबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. अठराच्या आत हातून गुन्हा घडला आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे निकाली निघालं, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदही नष्ट करायची असते. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती माहिती द्यायची नसते, असं कलम ७४ सांगतं. सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्हा घडून बाल न्यायालयात खटला चालला आणि दोषी ठरला, तेवढा अपवाद. सोळाव्या वर्षी मोटारसायकल चोरीत सापडलेला मुलगा पंचविशीत आयटीआय करून तुमच्या दारात आला, तर त्या जुन्या गोष्टीवरून त्याला अपात्र ठरवू नका.

प्रौढ वयातल्या शिक्षेला मात्र आपल्याकडे मुदतच नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की ठरावीक वर्षं नीट वागून गेली की बहुतेक नोकऱ्यांसाठी जुनी शिक्षा संपली असं धरलं जातं. मुलांशी संबंधित आणि अशाच काही नाजूक कामांना ती सूट नाही. भारतात अशी तरतूद निवडणुकीपुरती आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस तुरुंगातून सुटल्यावर सहा वर्षांनी पुन्हा विधानसभेला उभा राहू शकतो. शिपायाच्या किंवा सफाई कामगाराच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याला अशी कोणतीही तारीख कायद्याने दिलेली नाही. मला हा अन्याय वाटतो आणि तो कायदा करूनच दूर होईल.

खासगी मालकांपुढे तर कायदा जवळजवळ गप्प आहे. जिनिंग प्रेसचा मालक, डाळ मिलचा मालक, शिरपूरच्या सूत गिरणीचा व्यवस्थापक कोणाला ठेवावं आणि कोणाला नको हे स्वतः ठरवतो. त्यामुळे इथे सगळं मालकाच्या समजुतीवर आहे, आणि समजूत बदलणं कायदा बदलण्यापेक्षा लवकर होऊ शकतं.

अमेरिकेत १९७५ मध्ये एका रेल्वे कंपनीविरुद्धच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने सरसकट बंदी चुकीची ठरवली, आणि पुढे तीन गोष्टी पाहायची रीत रुळली: गुन्हा काय आणि किती गंभीर होता, त्याला किती काळ लोटला, आणि जे काम द्यायचं आहे त्याच्याशी त्याचा संबंध काय. हे तीन प्रश्न आपल्याकडे जसेच्या तसे चालतात. पतसंस्थेत अपहार केलेल्याला रोखपाल करू नये, पण त्याला पाइपच्या कारखान्यात मशीनवर ठेवायला हरकत काय? दारू पिऊन गाडी ठोकलेल्याच्या हाती केळीचा ट्रक देऊ नये, पण तोच माणूस पॅकहाउसमध्ये घड धुवायला आणि खोके भरायला का नको? भावकीच्या मारामारीत दहा वर्षांपूर्वी नाव आलेल्याचा वेल्डिंगशी काय संबंध?

केव्हा विचारायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. पहिल्या अर्जात रकाना असला की माणूस पाहण्याआधीच तो वगळला जातो. म्हणून मुलाखत घ्या, काम करून पाहा, पसंत पडला की मग विचारा. तोवर त्याचं कसब तुम्ही पाहिलेलं असतं आणि त्याचं ऐकून घ्यायला मन तयार असतं. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ मध्येच खासगी मालकांना प्रश्न पुढे ढकलायला लावला. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी असा कायदा २०१९ मध्ये झाला आणि २०२१ पासून लागू आहे.

आणि विचारताना मोघम विचारू नका. ‘कोणताही गुन्हा’ याऐवजी ‘गेल्या सात वर्षांत कोर्टाने आपल्याला दोषी ठरवलं आहे का, असल्यास कोणत्या कलमाखाली’ असं विचारा. सात हा आकडा कायद्याचा नाही, कामानुसार तुम्ही पाच धरा किंवा दहा, पण काहीतरी मर्यादा धरा.

पडताळणीबद्दल खानदेशातली एक खास अडचण सांगतो. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव टाकून कोणीही शोध घेऊ शकतं. पडताळणी करणारे लोक तेच करतात. पण आपल्याकडे पाटील, महाजन, चौधरी, कोळी, सोनवणे, तडवी, पावरा ही आडनावं अर्धी गावं व्यापतात. त्यापुढे नेहमीचं नाव जोडलं की चाळीसगावपासून रावेरपर्यंतच्या कोर्टांत त्याच नावाची कितीतरी माणसं निघतात. म्हणून वडिलांचं नाव, गाव, वय जुळल्याशिवाय शोधातलं काहीही खरं धरू नका. आणि काही सापडलंच तर त्या माणसाला कागद दाखवा, आठ-दहा दिवस द्या आणि तो काय सांगतो ते ऐका. कोणतंही कारण न सांगता ‘कळवतो’ म्हणून परत पाठवलेल्याला आपण का नाकारले गेलो हे कधीच समजत नाही, आणि चूक असेल तर ती दुरुस्तही होत नाही.

फक्त रकाना काढला की सगळं सुरळीत होईल असं मात्र नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सारख्याच पात्रतेच्या तरुणांना नोकरी मागायला पाठवलं. गुन्ह्याचं रेकॉर्ड नसलेल्या गोऱ्यांना शंभरात ३४ वेळा पुढचं बोलावणं आलं, रेकॉर्ड सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ वेळा. रेकॉर्ड नसलेल्या काळ्यांना १४ वेळा आणि रेकॉर्ड सांगणाऱ्या काळ्यांना फक्त ५ वेळा. म्हणजे निष्कलंक काळा तरुण, शिक्षा झालेल्या गोऱ्यापेक्षाही मागे. पुढे न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये रकाना काढल्यानंतर पाहिलं, तर गोऱ्या आणि काळ्या उमेदवारांना येणाऱ्या बोलावण्यांतला फरक ७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला होता. माहिती मिळाली नाही तेव्हा मालकांनी नावावरून अंदाज बांधले.

हे वाचताना मला आपल्याकडचे पारधी, भिल्ल आठवतात. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला, आणि १९५२ मध्ये रद्द झाला. पण पारधी आडनावाचा किंवा वस्तीचा पत्ता असलेला मुलगा वॉचमनची नोकरी मागायला गेला तर त्याच्यावर एकही केस नसताना त्याला वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. याच खानदेशात १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. इंग्रज ज्या समाजाला सर्रास लुटारू म्हणत होते त्याच समाजातल्या तरुणांच्या हाती त्यांनी बंदोबस्ताचं काम दिलं. त्यामागे राज्य टिकवण्याचा हेतू होता, दया नव्हती. तरी त्या तरुणांनी ते काम केलं, हे तर खरं. संपूर्ण समाजावर मारलेला शिक्का किती पोकळ असतो याचा पुरावा धरणगावातच आहे.

म्हणून रकाना पुढे ढकला, आणि त्याच वेळी मुलाखतीत आडनाव व वस्ती यांवरून मत बनवणं थांबवा. एक केलं आणि दुसरं सोडलं तर ज्यांच्यावर कधीच केस नव्हती तेच भरडले जातात.

काही ठिकाणी नकार द्यावाच लागतो. शाळा, आश्रमशाळा, वसतिगृह, क्रीडा अकादमी अशा जागी, जिथे मुलांशी रोजचा संबंध येतो, तिथे कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करत राहणं मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. नंदुरबार-धडगावच्या आश्रमशाळांत यात जराही ढिलाई नको. खासगी सुरक्षा एजन्सीला न्यायालयाने शिक्षा केलेला माणूस रक्षक म्हणून ठेवता येत नाही, हे २००५ च्या कायद्यात आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला बँकेत ठेवायला १९४९ चा बँकिंग नियमन कायदा मनाई करतो. ही दारं बंद आहेत आणि त्यांना कारण आहे. बाकीची दारं मात्र कायद्याने नव्हे, सवयीने बंद झालेली आहेत.

मालक विचारतात, उद्या काही केलं तर? ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय तोच, जो कोणत्याही नव्या माणसासाठी असतो: परीक्षेचा कालावधी, वर लक्ष ठेवणारा अनुभवी कामगार, सुरुवातीला रोख रकमेपासून दूरची जागा. माहिती मालक आणि एखाद्या जबाबदार माणसापुरतीच ठेवा. ती पाळीतल्या सगळ्या कामगारांत पसरली तर पुढच्या प्रत्येक चोरीचा आळ त्याच्यावरच येईल.

आता ज्याच्यावर केस आहे त्याच्यासाठी. खोटं लिहू नका. नेमकं काय विचारलं आहे ते दोनदा वाचा: दाखल, प्रलंबित, की शिक्षा? मुलाखतीत विषय निघाला तर लांबण न लावता सांगा की कोणत्या साली काय घडलं, निकाल काय लागला, त्यानंतर तुम्ही काय करत आहात. पैशाअभावी वकील मिळत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. आंदोलनातली केस असेल तर चौकशी करा. सरकार वेळोवेळी असे खटले मागे घेण्याचे निर्णय काढतं, पण कोर्टाने संमती दिल्याशिवाय तुमचं नाव सुटत नाही, त्यामुळे बातमी वाचून ‘नाही’ लिहू नका. आणि निकाल लागला असेल तर त्याची प्रमाणित नक्कल कोर्टाच्या नकला विभागातून आजच काढून ठेवा. जुनी फाइल अभिलेख कक्षात गेली की ती शोधायला वेळ लागतो, आणि कागदपत्र पडताळणीची तारीख कोणासाठी पुढे जात नाही.